वाचून झालं का?

पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात वाचणाऱ्या दोघीच, आई आणि मी, आणि घराची जी काही माती व्हायची ती आम्ही दोघींनीच केली. जन्मात एक पुस्तक धड पुरं केलं नाही तो माझा भाऊ, दादा, तेवढा सरळ निघाला. आणि गंमत म्हणजे पोट त्याचंच पुस्तकांवर चालतं. तो बाइंडर आहे. वाचनालयांची फाटकी पुस्तकं आणतो, उसवतो, शिवतो, नवे पुठ्ठे चढवतो. ‘एवढी हजारो पुस्तकं हाताखालून जातात, एखादं वाचावंसं वाटत नाही का रे?’ असं विचारलं की म्हणतो, ‘मी त्यांना कपडे घालतो. त्यांच्या घरगुती भानगडीत पडत नाही.’

मी वीज कंपनीच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसते. एकवीस वर्षं झाली. लोक बिल नाचवत येतात, मला वाटेल ते बोलतात, मीही सोडत नाही. बाबा मला लहानपणापासून ठिणगी म्हणायचे. दादा अजून म्हणतो.

आता आईचं सांगते, कारण तिच्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

आई तोंडाने कधी चांगलं बोलली नाही. मी पहिली आले तरी ‘बाकीच्यांनी अभ्यास केला नसेल’ असं म्हणून कामाला लागायची. पण तिच्या अंबाड्यात पेन्सिलीचा एक तुकडा खोचलेला असे. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं यायची. आधी ती वाचायची, मग मी. आणि वाचता वाचता ती समासात माझ्यासाठी लिहायची. जे तोंडातून निघत नसे ते सगळं तिथे निघे. एका रहस्यकथेच्या दुसऱ्याच प्रकरणात लिहिलेलं, ‘खुनी कोण ते मला कळलं. आधी भांडी घास, मग सांगते.’ एका रडूबाई नायिकेच्या शेजारी, ‘हिला दोन ठेवून दिल्या पाहिजेत.’ बर्फात वाट चुकलेल्या एका प्रवाशाची गोष्ट होती. त्याचा कुत्रा मरतो त्याच्या आधीच्या पानावर बारीक अक्षरात होतं, ‘पुढचं पान वाईट आहे. माझ्याजवळ येऊन वाच.’ मी गेले. ती भाजी चिरत होती. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले आणि वाचलं. ती एक अक्षर बोलली नाही, पण चिरायचं थांबली होती.

आणि एकदा, मी नऊ वर्षांची असेन, तिने मला विनाकारण फडकावलं होतं. दुसऱ्या दिवशी पुस्तकात सापडलं, ‘काल माझं डोकं दुखत होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. हा परिच्छेद बघ, फार छान आहे.’ परिच्छेद कसला होता ते आता आठवत नाही. वरची दोन वाक्यं मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. समासात आई कधी खोटं बोलायची नाही. चांगलं असो की वाईट, तिथे लिहिलं म्हणजे ते तिच्या मनातलं.

पुस्तकं वाचनालयाची, तेव्हा परत देण्याआधी सगळं खोडायला लागायचं. ते काम दादाचं. शनिवारी संध्याकाळी तो खोडरबर घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा. ‘वाचून झालं का तुझं?’ मी ‘झालं’ म्हटल्याशिवाय तो हात लावत नसे, आणि म्हटलं की पान न् पान साफ करायचा. आईने त्याला बजावलेलं, ‘खोड, पण वाचायचं नाही. ते आमचं दोघींचं आहे.’ आणि हा सज्जन माणूस खरंच वाचत नसे! मान तिरकी करून, ओठ घट्ट मिटून खोडायचा. वाचनालयवाले म्हणायचे, तुमच्या घरी जातं त्याहून पुस्तक स्वच्छ परत येतं. मला वाटतं दादा बाइंडर झाला तो तिथेच.

मोठे झालो, आई स्वतःची पुस्तकं विकत घ्यायला लागली, खोडायचं थांबलं. माझं लग्न झालं, मोडलं, तेव्हाही ती तोंडाने काही बोलली नाही. पाठोपाठ तीन पुस्तकं पाठवली. समास गच्च भरलेले. त्यावर मी ते वर्ष काढलं, दुसऱ्या कशावर नाही.

मग बाबांचं झालं.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नाही केलं तर वर्षभर, केलं तर दहा वर्षंही जातील, पण वय बघता धोका आहे. बाबा हसले. ‘एक वर्ष पुष्कळ झालं.’ आई म्हणाली, ‘त्यांना नको आहे ना, मग नको.’ आणि मी! मी महिनाभर त्या विषयावर मिळेल ते वाचून काढलं होतं. जाडजूड पुस्तकं, लेख, आकडे. मी त्या दोघांना समोर बसवून लेक्चर दिलं. दादा म्हणाला, त्यांच्या मनाविरुद्ध नको गं. मी त्याला म्हणाले, ‘तू गप्प बस, तू काय वाचलंयस?’ शेवटी बाबा माझ्या हट्टापुढे थकले. फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. आईने पेन हातात घेतलं नाही. मी सही केली.

बाबा टेबलावरून उठले नाहीत.

हॉस्पिटलच्या जिन्यात आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘सही तुझी आहे.’ एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानंतर सहा वर्षं आम्ही औषध आणलं का, गॅस संपला का, एवढंच बोललो. पुस्तकं यायची बंद झाली. ती दादाकडे राहायची. मी महिन्यातून एकदा जाऊन खुर्चीच्या टोकावर बसून यायचे. माझं चुकलं हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण ‘चुकलं’ म्हणायला मीही तिचीच मुलगी. तोंडातून निघेना.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. दादा दिवसा कारखान्यात असायचा, तेवढ्या वेळेला तिला सांभाळायला एक बाई ठेवली होती. एका भेटीत आईने उशीखालून एक पुस्तक काढलं. एका घड्याळवाल्याच्या तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी, कणा तुटलेला, पानं बाहेर आलेली.

‘घेऊन जा. वाच.’

‘वाचलंय मी हे. कॉलेजात.’

‘परत वाच.’

घरी येऊन मी पहिलं पान उघडलं. समासात तिचं अक्षर होतं. थरथरतं, वाकडंतिकडं, पण तिचंच. ‘शेवटपर्यंत वाच.’ मी पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं.

आता कोणी म्हणेल, उघडायचं होतं की! म्हणणाऱ्याच्या तोंडाला काय जातंय. सहा वर्षांनी तिने लिहिलं होतं. ती समासात खोटं बोलत नाही. आत ‘तू मारलंस त्यांना’ असं असलं, तर मग संपलंच. न वाचता निदान दोन्ही शक्यता फ्रिजवर शाबूत होत्या. मी रोज दूध काढताना त्या पिशवीकडे बघायचे आणि उद्यावर ढकलायचे. आईचे दोन फोन आले. ती कधी फोन करत नसे. पहिल्यांदा विचारलं, ‘वाचलंस?’ मी म्हटलं, ‘वेळ कुठे आहे मला?’ दुसऱ्यांदाही तेच विचारलं. मी म्हटलं, ‘खिडकीवर गर्दी आहे, नंतर बोलते.’ खिडकीवर त्या वेळी काळं कुत्रंही नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी मंगळवारी दुपारी ती गेली.

दहा-बारा दिवसांनी दादा माझ्याकडे आला होता. चहाचं दूध काढायला मी फ्रिज उघडला आणि त्याची नजर पिशवीवर गेली. त्याने पुस्तक काढलं, तुटलेल्या कण्यावरून अंगठा फिरवला. ‘हे आईच्या हातात असायचं शेवटी शेवटी,’ म्हणाला. मग माझ्याकडे बघून, ‘वाचून झालं का तुझं?’

आईने मरताना दिलेलं पुस्तक पिशवीतून काढलं नाही, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते? सहा वर्षं तिचं सगळं त्यानेच केलं होतं.

‘झालं,’ मी म्हटलं. ‘केव्हाच.’

‘मग मी घेऊन जातो. बांधून देतो. चांगलं, मनासारखं बांधतो.’

मी हो म्हटलं. खरं सांगू का, बरं वाटलं मला. पुस्तक पुन्हा हातात येईल तेव्हा मी धीर करीन, अजून महिनाभर सुटका. बांधून देतो म्हणाला, बांधून देईल. त्या प्रश्नाच्या मागून काय यायचं हे पस्तीस वर्षांत मी साफ विसरून गेले होते.

पाच-सहा आठवडे गेले. एका सकाळी खिडकीसमोर ती सांभाळणारी बाई उभी. तिचं मीटर बंद पडलं होतं. मी तिचा अर्ज लिहून देत होते, तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, तुमच्या आईंनी दिलेलं ते पुस्तक वाचलं का हो?’

मी अर्जावरची तारीख पुन्हा गिरवली.

‘मला वाचता येत नाही. पण पेन्सिल मीच द्यायची त्यांच्या हातात. बोटं वळत नव्हती, मी मनगट धरायची. एका दिवशी एखादी ओळ. दोन महिने लागले. म्हणायच्या, सहीचं लिहायचं राहिलंय, तेवढं लिहिलं की मी मोकळी. आणि एक दिवस म्हणाल्या, झालं बाई एकदाचं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.’

‘लिहिताना कशी होती ती?’ मी पेन खाली ठेवलं. ‘रागात होती?’

बाईने विचार केला. ‘रडल्या थोडं. मग हसल्याही. राग मला तरी दिसला नाही, ताई.’

मी खिडकी बंद केली. मागच्या माणसाने शिवी दिली, दिली तर दिली. साहेबांना अर्धा दिवस रजा सांगितली आणि निघाले. रस्ताभर मी वेड्यासारखी हसत होते. सहा वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी हललं होतं. दोन घास जास्त जेवली! शाप देऊन कोणी दोन घास जास्त जेवतं का? मी स्वतःला सांगत होते, आज वाचायचं, तिथेच स्टुलावर बसून वाचायचं, दादासमोर रडू आलं तरी चालेल.

दादाचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापायचं मशीन, मधे शिवणीचं टेबल, भिंतीपर्यंत पुस्तकांच्या थप्प्या, आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. मला बघून त्याने ॲप्रनला हात पुसले.

‘ठिणगे! आज कशी काय? उद्या मीच आणून देणार होतो.’

त्याने कपाटातून पुस्तक काढलं. गडद हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, कण्यावर सोनेरी अक्षरं. एवढं देखणं काम मी त्याच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी पुढे केलं.

मी उघडलं.

पहिलं पान कोरं होतं. छापलेला मजकूर होता तिथे होता, समास कोरा. दुसरं पान. दहावं. पन्नासावं. मी मधेच उघडलं, मागून उघडलं. पुस्तक दाराशी नेलं, उजेडात तिरकं धरून बघितलं, पेन्सिलीचा दाब तरी उमटला असेल म्हणून. काही नव्हतं. तिच्या हातात दाब उरलाच नव्हता.

‘खोडलंस?’

‘मग? तुझं वाचून झालं होतं ना. तुमचं दोघींचं ते, दुसऱ्या कोणाच्या नजरेला कशाला पडू द्यायचं?’ त्याने सहज सांगितलं, वर थोडा अभिमान. ‘दुसऱ्या कोणाला दिलं नाही, मीच बसलो. चार रविवार. सगळ्या समासांत होतं, शेवटची पानं तर नुसती भरलेली. पण हात हलका झाला होता बिचारीचा, रबर टेकवलं की जायचं.’

‘वाचलंस का काही?’

‘छे!’

‘एखादी ओळ? दादा, एखादा शब्द तरी?’

‘अगं, तुमच्या दोघींचं मी कधी वाचलंय का? आईने सांगितलेलं नाही का लहानपणी?’

मी स्टुलावर बसले. ओरडायला तोंड उघडलं होतं. एकवीस वर्षं अनोळखी लोकांवर ओरडते मी, सख्ख्या भावावर ओरडायला काय लागतं? पण ओरडणार काय? त्याने विचारलं होतं. समोर उभं राहून विचारलं होतं, आणि मी झालं म्हणाले होते.

मला रडू फुटलं. त्याला वाटलं, आईची आठवण आली. तो बाजूला उभा राहिला, पाठीवर हात ठेवावा की नाही अशा विचारात. मग पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने, टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे उगाच गोळा करत म्हणाला,

‘एक विचारू? रागावू नकोस. त्यात माझं काही होतं का गं?’

पन्नाशी उलटलेला माणूस. सहा वर्षं त्याने आईला सांभाळलं, शेवटी आंघोळ घातली, चादरी बदलल्या, औषधं चारली, आणि तिने त्याला कधी ‘बस जरा’ म्हटलं नाही. समास कधी त्याच्या वाट्याला आलेच नाहीत.

‘होतं की,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘लिहिलं होतं, दादा न सांगता पाण्याचा तांब्या भरून ठेवतो. मला रोज दिसतं. मी कधी बोलले नाही. मला बोलता येत नाही, हे त्याला माहीत असेल.’

तो तोंड फिरवून उभा राहिला. ॲप्रनने डोळे पुसले, त्याला खळ लागलेली, ती गालाला लागली. ‘माहीत होतं,’ म्हणाला. ‘मला माहीत होतं गं.’ मग जवळ आला. ‘कुठल्या पानावर होतं?’

‘दोनशे बाराव्या.’

त्याने पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं, दोनशे बारावं पान काढलं आणि कोऱ्या समासावरून अंगठा फिरवला. ‘इथे?’

‘हो. तिथेच.’

‘आणि मी ते खोडलं.’

‘मी वाचलं ना,’ मी म्हटलं. ‘मग झालं.’

‘हो. तू वाचलंस. तेवढं बरं झालं.’ त्याने पुस्तक हलकेच मिटलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. ‘आणि बाबांचं? ते सहीचं? लिहिणार म्हणाली होती मला. माफ केलं ना तुला?’

‘केलं.’

‘मी म्हणत नव्हतो का!’ तो हसला, एवढा मोकळा मी त्याला आई गेल्यापासून पाहिला नव्हता. ‘काय लिहिलं होतं? तिचे शब्द सांग.’

मी तोंड उघडलं. त्याच्यासाठी आईचा आवाज मला एका क्षणात सापडला होता. माझ्यासाठी सापडेना. जे सुचे ते माझंच वाटे, तिचं एकही वाटेना. तिने मला काय म्हटलं असतं? तुझं चुकलं नव्हतं? चुकलं, पण जाऊ दे? बाबा थकलेच होते? हसली, ती कशाला हसली? दोन महिने एकेक ओळ लिहून तिने जे सांगितलं ते मी कुठून आणणार?

‘आठवत नाही,’ मी म्हटलं.

‘आठवत नाही?’

‘नाही.’

‘दोनशे बारावं पान आठवतं, आणि हे आठवत नाही?’

‘नाही आठवत, दादा.’

तो उठला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ‘बाईला मनगट धरायला लावून लिहीत होती ती. मी बघत होतो दारातून. तुझा फोन आला का म्हणून रोज विचारायची. आणि तुला ती काय म्हणाली ते आठवतसुद्धा नाही?’ त्याने पुस्तक कागदात गुंडाळलं, दोरी बांधली. बांधताना गाठ दोनदा सुटली. ‘दगड आहेस तू, ठिणगे. नुसता दगड.’

मी पुडकं घेतलं आणि खाली मान घालून ऐकून घेतलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला उलट उत्तर दिलं नाही. खरं काय ते सांगितलं असतं, तर तेही मला खोडावं लागलं असतं, त्याचं दोनशे बारावं पान.